पेढी हलते तेव्हा

कार्तिकी पौर्णिमेला श्वेतांबर परंपरेतील साधू-साध्वींचा चातुर्मास पूर्ण होतो आणि विहाराला आरंभ होतो. दिगंबर मुनिसंघाच्या चातुर्मास-समाप्तीची तिथी थोडी आधी येते. रीत मात्र एकच. चार महिने ज्या स्थानकात, उपाश्रयात किंवा मंदिरात सकाळचे प्रवचन चुकले नाही, तेथील पाट एके दिवशी रिकामा होतो. गावातील लहानथोर वेशीपर्यंत चालत जातात, मांगलिक ऐकतात, वंदना करून परततात. दुपारपर्यंत बाजार नेहमीप्रमाणे सुरू झालेला असतो.

याच सुमारास, दिवाळीचे वहीपूजन आटोपल्यावर, महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावांतून आणखी एक प्रस्थान घडते. त्याला निरोप द्यायला वेशीपर्यंत कोणी जात नाही. तीन-चार पिढ्या चाललेले कापडाचे दुकान, किराण्याची पेढी, मार्केट यार्डातील आडतीचा गाळा बंद होतो आणि घराणे पुण्याला, मुंबईला, सुरतेला किंवा बंगळुरूला हलते. मुलगा तिकडे शिकला, त्याने तिकडेच व्यवसाय मांडला, नातवंडांच्या शाळा तिकडे. मग एक दिवस आजी-आजोबाही निघतात. शटरवर ‘दुकान भाड्याने देणे आहे’ असा कागद लागतो आणि शंभर वर्षांचा एक अध्याय त्या कागदाखाली झाकला जातो.

साधूचे जाणे आणि गृहस्थाचे जाणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साधूला घर नाही, दुकान नाही, वारस नाही. त्याच्या जाण्याची रीत तरीही गृहस्थाने बारकाईने पाहण्यासारखी आहे. ज्याच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काहीही नाही, तो गावाचा सगळा हिशेब चुकता करून निघतो. आणि ज्याच्याजवळ ट्रकभर सामान आहे, तो पुष्कळदा हिशेब अर्धवट ठेवून निघतो.

साध्वाचारात ‘पाडिहारी’ असा एक शब्द आहे. परत करण्याच्या बोलीने मागून आणलेली वस्तू म्हणजे पाडिहारी. बसायचा पाट, टेकायची फळी, झोपण्याचे आसन, राहण्याची जागा हे सारे साधू गृहस्थाकडून मागून घेतो. ज्याच्या जागेत तो राहतो त्याला ‘शय्यातर’ म्हणतात आणि त्याच्या अनुमतीवाचून तेथे उतरता येत नाही. बृहत्कल्पसूत्राचा दंडक असा की, अशा मागून आणलेल्या वस्तू धन्याला परत केल्यावाचून विहार करू नये. पाट मोठा मोलाचा असतो असे नाही. परंतु दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या हाती पोहोचेपर्यंत साधूचे पाऊल गावाबाहेर पडत नाही.

एका जागी फार काळ न राहण्याचाही नियम आहे. पावसाळ्याचे चार महिने एका ठिकाणी आणि उरलेल्या आठ महिन्यांत एका गावी जास्तीत जास्त एक महिना, अशा नऊ मुक्कामांच्या क्रमाला ‘नवकल्पी विहार’ म्हणतात. भगवान महावीरांचे बेचाळीस चातुर्मास कल्पसूत्रात गावांच्या नावांनिशी मोजले आहेत. राजगृह-नालंदा परिसरात १४, वैशाली-वाणिज्यग्रामात १२, मिथिलेत ६, चंपा-पृष्ठचंपेत ३, भद्रिकेत २ आणि अस्थिकग्राम, आलंभिका, प्रणीतभूमी, श्रावस्ती व पावा येथे प्रत्येकी १. ही यादी वाचताना ध्यानात येते की भगवंतांनी नगरे टाळली नाहीत. राजगृहासारख्या गजबजलेल्या राजधानीत ते पुनःपुन्हा आले. त्यांनी टाळला तो नगराचा मोह. माणसांशी संबंध राहिला, जागेवर हक्क सांगितला गेला नाही.

गृहस्थाला जागेवर हक्क असतो, कारण त्याला संसार चालवायचा असतो. म्हणून शास्त्राने त्याला गाव सोडण्याची मनाई केलेली नाही. आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. न्यायाने मिळवलेले धन हा त्यांतील पहिला. त्याच मालिकेत उपद्रवग्रस्त स्थान सोडून जावे असेही सांगितले आहे, आणि मातापित्यांची पूजा करावी हेही त्याच मालिकेत आहे. तीनही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे स्थलांतराचे शास्त्र हाती येते. जाण्यास कारण असावे, जाताना धन न्यायाचे असावे आणि जाण्याने घरातील वृद्धांचा मान कमी होऊ नये.

महाराष्ट्रातील बहुतेक जैन व्यापारी घराणी अशाच एखाद्या जाण्यातून येथे आलेली आहेत. मारवाडातील दुष्काळ, रेताड जमीन आणि अपुरा व्यापार यांना कंटाळून ओसवाल कुटुंबांनी अहमदनगर, पुणे, नाशिक, खानदेश, मराठवाडा येथे बस्तान बसवले. गुजरात-काठियावाडातून आणि कच्छातून आलेल्यांची वाट निराळी, पण गोष्ट तीच. आजही अनेक घराणी जावळासाठी किंवा लग्नानंतरच्या दर्शनासाठी ओसियाला जातात, मूळ गावातील बंद हवेलीचे कुलूप वर्षातून एकदा उघडतात. म्हणजे या समाजाला गाव सोडणे नवे नाही. नवी आहे ती घाई.

सर्वांत मोठ्या प्रस्थानाची कथा या ठिकाणी आठवावी. श्वेतांबर परंपरेप्रमाणे वर्धमानकुमार अठ्ठावीस वर्षांचे असताना त्यांचे माता-पिता निवर्तले. संसार सोडण्याचा त्यांचा निश्चय तेव्हा पक्का होता. परंतु थोरले बंधू नंदिवर्धन यांनी विनविले की, आई-वडिलांच्या वियोगाचे दुःख ताजे असताना तूही जाऊ नकोस. वर्धमान आणखी दोन वर्षे घरी राहिले. शेवटच्या वर्षी त्यांनी वर्षीदान दिले. जे जवळ होते ते वर्षभर वाटले. त्यानंतर चंद्रप्रभा नावाच्या शिबिकेतून क्षत्रियकुंड नगराच्या मध्यातून, सर्वांच्या देखत, ते ज्ञातखंडवनात गेले. महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे ती तिथी कार्तिक वद्य दशमी, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेनंतरचा दहावा दिवस. दिगंबर परंपरेत कथेचा तपशील वेगळा आहे, तेथे माता-पिता हयात असताना दीक्षा झाली असे मानतात. परंतु भगवंत कुणाला चुकवून, रात्री, मागल्या दाराने गेले नाहीत, यावर दोन्ही परंपरांचे एकमत आहे. ज्याला सर्वस्व सोडायचे होते त्यालाही भावाच्या अश्रूंसाठी दोन वर्षे थांबणे अवघड वाटले नाही.

शांततेच्या काळातील प्रस्थानाची ही गोष्ट झाली. संकटकाळी माणूस काय बरोबर नेतो आणि काय मागे ठेवतो, हे पाहायचे तर १९४७ च्या पंजाबकडे वळावे लागते.

गुजरांवाला हे लाहोरच्या उत्तरेचे व्यापारी शहर. तेथे जैनांची जुनी वस्ती होती. आत्मारामजी या नावाने ओळखले जाणारे आचार्य विजयानंद सूरी १८९६ मध्ये याच शहरी कालधर्म पावले आणि तेथेच त्यांची समाधी बांधली गेली. शिकागोच्या १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करण्यासाठी वीरचंद गांधी गेले, ते यांच्याच वतीने. त्यांचे पट्टधर आचार्य विजय वल्लभ सूरी यांचे नाव महाराष्ट्रातील जैनांना परके नाही. मुंबईत १९१५ मध्ये सुरू झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाची प्रेरणा त्यांचीच. शहरात शिकायला आलेल्या मुलांना राहायला जागा मिळावी, जेवण शुद्ध मिळावे, यासाठी त्यांनी समाजाला हलवले. गाव सोडून आलेल्या मुलाला नव्या शहरात आधार हवा, ही गरज त्यांनी फार आधी ओळखली होती.

फाळणीच्या वर्षी वल्लभ सूरींचा चातुर्मास गुजरांवाला येथे होता. वय सत्त्याहत्तर. ऑगस्टपासून शहर पेटले. चातुर्मासात विहार करू नये हा नियम खरा, पण असे संकट आले तर त्यालाही अपवाद असतो. त्यांनी निघण्यास हरकत नव्हती. संघाला मागे ठेवून एकट्याने सुरक्षित ठिकाणी जाण्यास मात्र त्यांनी ठाम नकार दिला. सर्व श्रावक-श्राविका निघतील तेव्हाच आपण निघू, हा त्यांचा निर्णय होता. सप्टेंबरमध्ये ते संघासह अमृतसरला पोहोचले. दुकाने राहिली, घरे राहिली, उपाश्रय राहिला, गुरूची समाधी राहिली. पंजाबातील ग्रंथभांडारांमधील हस्तलिखिते पुढे दिल्लीच्या वल्लभ स्मारकाच्या परिसरात जतन झाली. स्वतः वल्लभ सूरींनी १९५४ मध्ये मुंबईत देह ठेवला.

मुलतानची गोष्ट याहून कमी सांगितली जाते. तेथील दिगंबर जैन व्यापारी असले तरी स्वाध्यायाचे वेडे होते. जयपूरचे पंडित टोडरमल यांनी विक्रम संवत १८११ मध्ये मुलतानच्या साधर्मी बंधूंच्या प्रश्नांना पत्राने उत्तरे दिली. ते पत्र ‘रहस्यपूर्ण चिठ्ठी’ या नावाने आजही मंदिरांतील स्वाध्यायात वाचले जाते. इतक्या दूरच्या शहरातील व्यापारी आत्म्याच्या अनुभवाविषयी सूक्ष्म शंका विचारीत होते आणि उत्तराची वाट पाहत होते. १९४७ मध्ये या समाजाला मुलतान सोडावे लागले तेव्हा त्यांनी मंदिरातील जिनप्रतिमा आणि शास्त्रे बरोबर घेतली. पुढे जयपूरच्या आदर्शनगर भागात त्यांनी मंदिर उभारले, ते मुलतानच्या नावानेच ओळखले जाते. ज्या जयपूरच्या पंडितांची चिठ्ठी त्यांच्या पूर्वजांनी जपली होती, त्याच जयपूरने त्यांना आसरा दिला.

या लोकांना तयारीला महिने मिळाले नव्हते. तरीही त्यांच्या मनात क्रम स्पष्ट होता. गुजरांवालात आधी माणसे, सर्वच्या सर्व. मुलतानात मूर्ती आणि ग्रंथ. मालमत्ता शेवटी, आणि बहुतेकांच्या वाट्याला ती आलीच नाही. आजच्या सुखरूप, ठरवून केलेल्या स्थलांतरात हा क्रम उलटा झालेला दिसतो. आधी गाळ्याचा सौदा, मग फ्लॅटचा ताबा, मग सामानाची यादी. माणसे आणि देव यांची वेळ येते तोवर ट्रक दारात उभा असतो.

कायद्याला पत्त्याची काळजी असते. व्यवसायाचे मुख्य ठिकाण बदलले की जीएसटीच्या नोंदणीत बदल करण्यासाठी पंधरा दिवसांत अर्ज करावा लागतो. दुसऱ्या राज्यात गेले तर तेथील नवी नोंदणी घ्यावी लागते. हे काम सीए वेळेवर करून देतो. परंतु गावाशी असलेल्या दुसऱ्या खात्याचा बदल कोणी विचारीत नाही, म्हणून तो राहून जातो. ते खाते कोणते, हे नीट पाहिले पाहिजे.

पहिली बाब ठेवीची. जुन्या पेढ्यांवर गावातील लोक विश्वासाने पैसे ठेवीत. एखाद्या विधवेने मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, एखाद्या शेतकऱ्याने बैल विकून ठेवलेले, एखाद्या शिक्षकाने निवृत्तीच्या रकमेतून ठेवलेले. कधी चिठ्ठी असे, कधी केवळ वहीतील एक ओळ. तत्त्वार्थसूत्रात सत्य-अणुव्रताच्या अतिचारांमध्ये ‘न्यासापहार’ सांगितला आहे. ठेव ठेवणारा विसरला किंवा त्याने रक्कम कमी सांगितली, तर त्याचा लाभ घेऊन पूर्ण ठेव परत न करणे म्हणजे न्यासापहार. ही चोरीच दिसते, तरीही ती सत्याच्या व्रतात गणली आहे, हे विचार करण्यासारखे आहे. ठेवणारा विसरला तरी वही विसरलेली नसते. वहीवाला गप्प राहिला तर ते मौन हेच असत्य ठरते. गाव सोडण्यापूर्वी जुन्या वह्या शेवटच्या पानापर्यंत वाचाव्यात आणि ज्याची ठेव आहे त्याच्या, तो नसेल तर त्याच्या वारसाच्या, हाती ती पोहोचवावी. गेल्यावर मागणाऱ्याला पत्ता सापडणार नाही, ही सोय नव्हे. तो दोष आहे.

दुसरी बाब उधारीची. येणे वसूल करून निघणे हा व्यापाऱ्याचा हक्क आहे. परंतु जाण्याच्या घाईत गरिबाच्या दारावर तगादा लावणे आणि सधनाची थकबाकी ‘पुढे पाहू’ म्हणून सोडणे, असे पुष्कळदा घडते. न्यायाचा क्रम याच्या उलट आहे. ज्याच्याकडून येणे खरोखरच शक्य नाही, त्याच्या नावापुढे रेघ मारून त्याला ते कळवावे. न कळवता सोडलेले येणे हे दान होत नाही. देणाऱ्याच्या मनावर ते कर्ज म्हणूनच राहते आणि तो बाजारात नजर चुकवीत फिरतो. पुणे जिल्ह्यातील सुपे येथून १८७५ साली सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या रोषाची कारणे अनेक होती आणि सावकारांत सर्व प्रकारची माणसे होती. पण एवढे खरे की, वहीतील आकडा दोन्ही बाजूंना सारखा दिसत नाही. बाहेरून आलेल्या आणि गावात मोठ्या झालेल्या घराण्याने जाताना हे भान ठेवले, तर गाव त्याला ‘आपला माणूस गेला’ असे म्हणते.

तिसरी बाब नोकरमाणसांची. दिवाणजी, काट्यावरचा माणूस, हमाल, दुकान झाडणारी बाई. त्यांतील कोणी तीस-तीस वर्षे त्याच उंबऱ्यावर काढलेली असतात. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकानालाच लागू होतो. तीन-चार माणसांच्या दुकानाबाबत तो गप्प राहतो. जेथे कायदा गप्प आहे तेथे अणुव्रत बोलते. अहिंसाव्रताच्या अतिचारांत आश्रितांचे अन्नपाणी तोडणे हाही एक दोष सांगितला आहे. तो पशूंपुरता समजून चालत नाही. दुकान बंद होणार हे त्या माणसाला इतर गावाच्या आधी, मालकाच्या तोंडून कळावे. त्याच्या वयाला जमेल अशी दुसरी जागा त्याला मिळवून द्यावी. आणि तीस वर्षांच्या सेवेला शोभेल अशी रक्कम त्याच्या हाती द्यावी. पाचशे रुपयांची साडी आणि पेढ्यांचा पुडा हा निरोप होत नाही.

चौथी बाब देवाची. गावातील मंदिर किंवा स्थानक कोणी तरी पूर्वजांनी वर्गणी काढून बांधलेले असते. घरे कमी होत गेली की तेथील व्यवस्था एक-दोन कुटुंबांवर येते. मूर्तिपूजक परंपरेत प्रतिष्ठित जिनबिंबाची पूजा-प्रक्षाळ रोज व्हावी लागते. अनेक लहान गावांत आज ती केवळ पगारी पुजारी करतो आणि दिवसभरात दर्शनाला एकही श्रावक येत नाही. शेवटचे घर निघते तेव्हा प्रश्न मूर्तीचा होतो. मुलतानच्या लोकांनी तो प्रश्न पेटलेल्या शहरात सोडवला. शांत गावातील लोकांनी तो टाळू नये. पूजेचा कायम निधी बांधावा, शेजारच्या मोठ्या गावच्या संघाकडे व्यवस्था सोपवावी, आणि जेथे खरोखरच कोणी उरणार नाही तेथे आचार्यांची आज्ञा घेऊन बिंब योग्य स्थळी न्यावे. स्थानकाच्या इमारतीचाही प्रश्न याच वेळी संघासमोर ठेवावा.

येथे कागदपत्रांचीही एक गोष्ट आहे आणि ती धर्माच्या बाहेरची मानू नये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे विश्वस्त बदलले की तो बदल नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात कळवावा लागतो. बोलीभाषेत याला चेंज रिपोर्ट म्हणतात. गाव सोडलेले विश्वस्त कागदावर वर्षानुवर्षे तसेच राहतात. त्यांतील काही दिवंगत होतात, काहींचे पत्ते हरवतात. मग छत दुरुस्त करायचे असो किंवा बँकेतील खाते चालवायचे असो, सह्यांसाठी शहराशहरांत धावावे लागते आणि मागे राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. ज्या विश्वस्ताला जायचे आहे त्याने राजीनामा देऊन, हिशेब सोपवून, नव्या विश्वस्ताची नोंद होईपर्यंत पाठपुरावा करावा. मानाची खुर्ची बरोबर नेता येत नाही. मागे अडवून मात्र ठेवता येते. पांजरपोळ, पाठशाळा, वाचनालय यांनाही हेच लागू आहे.

पाचवी बाब सर्वांत नाजूक, ती घरातील वृद्धांची. गाव सोडण्याचा निर्णय बहुधा त्यांच्यासाठी घेतला जातो: तिकडे चांगले दवाखाने आहेत, मुलगा जवळ असेल. कारण खरे आहे. परंतु आजींचा दिवस ज्या गोष्टींनी भरलेला होता, त्या गोष्टी कोणत्याही ट्रकमध्ये मावत नाहीत. पहाटे पायी दर्शन, परतताना भाजीवालीशी दोन शब्द, दुपारी चार जणींची सामायिक, संध्याकाळी सूर्य मावळण्याआधीचे जेवण, रात्री प्रतिक्रमण. या सर्व गोष्टी पायी अंतराच्या आत होत्या. नव्या शहरात चौदाव्या मजल्यावरून उतरून, रहदारीचा रस्ता ओलांडून मंदिरापर्यंत जाणे सत्तरीच्या गुडघ्यांना झेपत नाही. घरात सर्वजण रात्री नऊला जेवतात आणि आजींचा चौविहार ‘त्रासाचा’ ठरतो. वर्षभरात त्या बोलेनाशा होतात, आणि मुलाला वाटते की आईचे वय झाले.

यावरचा उपाय दवाखान्यात मिळत नाही. तो घर निवडताना करायचा असतो. फ्लॅट पाहताना पार्किंग आणि व्यायामशाळा यांच्या आधी मंदिर किंवा स्थानक किती पावलांवर आहे, आसपास साधर्मी घरे किती आहेत, सामायिकेला बसणाऱ्या बायका कोठे जमतात, हे विचारावे. शक्य असल्यास आई-वडिलांनी तेथे आधी एक महिना राहून पाहावे आणि मगच गावातील घर काढावे. वर्धमानकुमारांनी भावासाठी दोन वर्षे दिली. आई-वडिलांसाठी सहा महिने देणे कोणत्याही व्यवसायाला जड जात नाही.

या पाच बाबी पूर्ण झाल्या की उरते ती क्षमापना. संवत्सरीला किंवा क्षमावाणीला भ्रमणध्वनीवर एकच मजकूर दोनशे लोकांना जातो आणि दोनशे तसेच मजकूर परत येतात. गाव सोडताना त्याने भागत नाही. ज्या भावकीशी वाटणीवरून अबोला आहे, ज्या शेजाऱ्याशी भिंतीवरून दावा चालला, ज्या सोबतच्या व्यापाऱ्याचे गिऱ्हाईक एके काळी फोडले, त्यांच्या दारी स्वतःच्या पायांनी जावे. समोरचा दार उघडील किंवा न उघडील. क्षमा मागणाऱ्याचे काम दारापर्यंत जाण्याने पूर्ण होते. नव्या शहरात जुने वैर घेऊन गेलेला मनुष्य शहर बदलतो, पण राहतो जुन्याच वाड्यात. तेथेही त्याला लवकरच कोणी तरी तसाच शेजारी भेटतो.

क्षमापना केवळ जैनांकडे मागावयाची असे नाही. पेढी चालली ती गावाच्या जिवावर. शेतकऱ्याने माल आणला, हमालाने पाठीवर वाहिला, शिंप्याने दुकानातील कापड शिवले, मुसलमान टांगेवाल्याने स्टेशनवरून पार्सल आणले. त्यांना घरी बोलावून जेवू घालणारी घराणी पूर्वी होती, आजही काही आहेत. निरोपाचा हा कार्यक्रम मांडव घालून करण्याची गरज नाही. ओटीवर सतरंजी टाकून, ताटात पुरणपोळी वाढून, घरातील कर्त्या माणसाने हात जोडून उभे राहावे, एवढे पुरते. जीव परस्परांच्या उपकारावर जगतात, हे सूत्र मंदिराच्या भिंतीवर कोरलेले असते. त्या दिवशी ते ओटीवर दिसते.

निरोप नीट झाला म्हणजे गाव तुटते असे नाही. उलट तेव्हाच ते राहते. गुजरांवालातून १९४७ मध्ये निघालेल्या संघाची आठवण पिढ्यानुपिढ्या टिकली, आणि मे २०२३ मध्ये आचार्य विजय धर्मधुरंधर सूरी काही श्रावकांसह सीमा ओलांडून आत्मारामजींच्या समाधीच्या दर्शनाला गेले. मध्ये पंचाहत्तर वर्षे, तीन युद्धे आणि एक बंद सीमा होती. ज्यांनी जाताना एकाही माणसाला मागे ठेवले नव्हते, त्यांच्या वारसांना परतताना मान खाली घालावी लागली नाही.

तालुक्याच्या गावापासून पुण्याचे अंतर चार तासांचे आहे. मध्ये सीमा नाही, युद्ध नाही. तरीही अनेक घराण्यांचे नातू त्या गावात कधी जात नाहीत, कारण तेथे जाण्यासारखे काही ठेवलेले नसते. किंवा तेथे जाऊ नये असे काही राहून गेलेले असते. पेढी हलवणाऱ्या कर्त्याने याच दिवसाचा विचार आधी करावा. पंचवीस वर्षांनी त्याचा नातू कामानिमित्त त्या गावी उतरेल, मार्केट यार्डात कुणाला तरी आजोबांचे नाव सांगेल. समोरचा म्हातारा हमाल त्या वेळी तोंड फिरवील, की खांद्यावरच्या पंचाने बाकडे पुसून ‘बसा शेठ, तुमच्या आजोबांचा चहा देणं आहे माझ्याकडं’ असे म्हणेल, हे आज, वह्या बांधल्या जात असताना, ठरत असते.